नदीकाठी कळक लावताना

भावा, पंचगंगेकाठच्या मळीला कळक लावायचा म्हणतोयस, झकास. आपल्याच मातीतला काटेरी बांबू तो, तिथं जोमानं वाढतो. फक्त जूनची घाई नको. पूर आला की कोवळं रोप गाळाखाली जातं. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर चढलं ते तू बघितलंयसच. पूर ओसरल्यावर वर्षभराची दणकट रोपं लाव, अंतर 20 फूट तरी ठेव. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नकोस.

मुळं काठाची माती धरून ठेवतात खरी, पण खालच्या काटेरी फांद्यांचं जाळं असं माजतं की कोयता आत शिरत नाही. दर हिवाळ्यात कमरेपर्यंतच्या फांद्या साफ कर, नाहीतर बेट, म्हणजे कळकाचा अख्खा झुबका, हातचं गेलंच समज. तोड तीन वर्षांवरच्या काठीचीच, जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर. पोकळ खुंट राहिला की त्यात पाणी साठून कुजतं. पावसाळ्यात कोंब फुटताना कोयता लावायचा नाही, गुरंही लांब ठेव.

आणि जुन्या बेटाचे गड्डे, म्हणजे लावायला काढलेले मुळांसकटचे कंद, कुणी फुकट दिले तरी बेटाचं वय आधी विचार. कळक आयुष्यात एकदाच फुलतो, साधारण 40-50 वर्षांनी, आणि मग अख्खं बेट वाळतं. गड्ड्याचं वय आईच्या बेटाइतकंच असतं.