कर्नल ६.८ टाकल्यावर मिंटचा डेस्कटॉप उघडत नाही, कार्ड जीफोर्स जीटी ६१०

लाइनक्स मिंट २१.३, एनव्हिडियाचा ३९० ड्रायव्हर, अपडेट मॅनेजरमधून कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१५ चा ६.८ केला आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकतेय. सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) पुन्हा टाकूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. सिनॅमनला आता हात लावू नका. बिघाड त्याच्या बराच आधी होतोय.

३९० मालिकेतला शेवटचा ड्रायव्हर ३९०.१५७, तो २०२२ चा. कर्नल ६.८ आला मार्च २०२४ मध्ये. प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस हे साधन ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) नव्याने बांधतं. ते बांधणं फसलं तर एनव्हिडियाचं मॉड्यूल नाही, आणि नूवोला (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) तर एनव्हिडिया ड्रायव्हरच्या पॅकेजने आधीच ब्लॅकलिस्ट केलेलं, म्हणजे चालायला बंदी. जुना गडी काढून टाकला आणि नवा कामावर आलाच नाही, अशी गत.

खात्री करायला कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून लॉगिन करा आणि 'डीकेएमएस स्टेटस' चालवा (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं). ५.१५ समोर 'इन्स्टॉल्ड' दिसतंय आणि ६.८ ची तशी ओळच नाही, तर निदान पक्कं.

उपाय सोपा आहे. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबमध्ये (सुरुवातीचा मेनू) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून ५.१५ निवडा. डेस्कटॉप आला की अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतल्या 'लाइनक्स कर्नल्स'मधून ६.८ काढून टाका. ५.१५ चे सुरक्षा अपडेट मात्र घेत राहा, ते अडवू नका.

कर्नलला 'नोमोडसेट' हा पर्याय घाला असा सल्ला कुणीतरी देईलच. तो पर्याय तात्पुरता पडदा दिसण्यापुरता. कायमचा ठेवलात तर नूवोही चालत नाही आणि सगळं चित्र प्रोसेसरच काढत बसतो.

६.८ च हवा असेल तर एनव्हिडियाची सगळी पॅकेजेस 'एपीटी पर्ज' या आज्ञेने काढा आणि नूवोवर चालवा. इथे एक हमखास फसायची जागा आहे: ईटीसीमधल्या एक्स११ फोल्डरात जुनी 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' उरली असेल आणि तिच्यात ड्रायव्हर म्हणून एनव्हिडिया लिहिलेलं असेल, तर एक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) 'नो स्क्रीन्स फाउंड' म्हणून थांबतो. फाइलचं नाव बदला, मग रीबूट. तुमच्यासारख्या फर्मी या जुन्या पिढीच्या कार्डांना नूवो पूर्ण वेगाने पळवू शकत नाही. ऑफिसची कामं होतील, खेळ विसरा.

आणि हो, नावात ६१० आहे म्हणून ४७० ड्रायव्हर टाकून बघू नका. ६०० मालिकेतली बरीच कार्डं केप्लर (फर्मीनंतरची पिढी) असली तरी जीटी ६१० आतून फर्मीच आहे. 'एलएसपीसीआय' या आज्ञेने येणाऱ्या यादीत कार्डापुढे जीएफने सुरू होणारा चिपचा क्रमांक दिसला तर ३९०, जीके दिसला तर ४७०.