अर्जात आधी हेरातचा वारा येऊ द्या

पत्र : माझ्या कोथरूडच्या घरी एक अफगाण मुलगी राहते. हेरातची आहे. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मग ऊर्जा विषयात एम. टेक. केलं. प्रबंध साताऱ्याच्या पवनचक्क्यांवर होता : पावसाळ्यात वारा जोरात असताना कोयनेचं पाणी कसं राखता येईल, असं काहीतरी. मला मावशी म्हणते, वरणभात आवडीने खाते. तिच्या देशात मुलींना विद्यापीठं बंद झाल्यापासून परत जायचा विषयच संपला. विस्थापित संशोधकांना परदेशात फेलोशिप मिळते असं ऐकलं. तिची कहाणी दगडालाही पाझर फोडेल अशी आहे. ती चांगल्या इंग्रजीत कोण लिहून देईल? की तिने साधी नोकरी धरावी? – एक मावशी, पुणे

उत्तर :

ताई, नमस्कार.

कहाणी लिहायची आहेच, पण अर्जाच्या दुसऱ्या भागात. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ते ‘असं काहीतरी’ म्हणून तुम्ही उरकलेलं. तिचा अर्ज तिथून सुरू व्हायला हवा.

सांगते का ते. हेरातला उन्हाळ्यात साधारण चार महिने सलग जोराचा वारा वाहतो, तिथे त्याला ‘एकशे वीस दिवसांचा वारा’च म्हणतात. त्याच प्रांतात हरीरूद नदीवर सलमा धरण आहे. ते भारताने बांधून दिलं, जून 2016 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, 42 मेगावॉट वीज आणि 75 हजार हेक्टर सिंचन हा त्याचा हेतू. या नदीला पाणी येतं ते मुख्यतः डोंगरातल्या बर्फाचं, म्हणजे वसंतात. उन्हाळा चढतो तशी नदी आटत जाते, आणि नेमका तेव्हाच वारा उठतो. मग प्रश्न असा : वाऱ्यावर वीज करून धरणातलं पाणी हिवाळ्यासाठी किती राखता येईल? शेतकऱ्याला तर उन्हाळ्यातच पाणी हवं, त्याचं काय? बर्फ कमी पडू लागलं किंवा लवकर वितळू लागलं तर हे वेळापत्रक किती कोलमडेल? आणि नदी पुढे इराण-तुर्कमेनिस्तानकडे जाते, त्यांचा वाटा? अफगाणिस्तान आपली बहुतेक वीज शेजाऱ्यांकडून विकत घेतं, त्यामुळे हा प्रश्न कागदी नाही. वीज देणारा शेजारी आणि पाणी मागणारा शेजारी एकच असेल तर एका मेगावॉटचीही किंमत वेगळी होते.

या प्रश्नासाठी लागणारी पद्धत ती साताऱ्यात शिकली आहे. चाळकेवाडी-वनकुसवडेचं पठार आणि शेजारी कोयना, असा वारा-पाण्याचा शेजार तिने प्रत्यक्ष पाहिला. साताऱ्यात वारा आणि पाणी एकाच मोसमात येतात, हेरातला एक ओसरताना दुसरा येतो. हा फरकच तिच्या पीएच.डी.चा विषय होऊ शकतो. गणिताचा भाग तिचे मार्गदर्शक माझ्यापेक्षा नीट तपासतील, पण विषयात दम आहे हे मी खात्रीने सांगते. हेरात आणि सातारा दोन्ही ओळखणारी ऊर्जा-अभियंता जर्मनीतल्या एखाद्या प्राध्यापकाला सहज कुठे भेटणार?

आता फेलोशिपबद्दल. या योजनांचा उगम 1933 चा. हिटलरने ज्यू आणि विरोधी प्राध्यापकांना काढून टाकलं, तेव्हा फ्रँकफर्टहून निघालेल्या फिलिप श्वार्त्झ या वैद्यकशास्त्रज्ञाने झुरिकमध्ये मदत-संस्था काढली आणि अनेकांना इस्तंबूलच्या विद्यापीठात जागा मिळवून दिल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आजच्या ‘कारा’ या संस्थेची सुरुवात झाली. आपल्याकडेही एक धागा आहे. तेव्हा जर्मनी सोडावी लागलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं होतं आणि 1935-36 च्या हिवाळ्यात ते तिथे शिकवत होते. कायमची जागा मात्र होऊ शकली नाही. ते एडिनबराला गेले आणि 1954 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रामन यांना बॉर्नबद्दल सहानुभूती असेलच, पण त्यांनी बोलावलं ते त्यांचं काम माहीत होतं म्हणून. आजही निवड करणारी माणसं शास्त्रज्ञच असतात आणि आधी कामच बघतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची फिलिप श्वार्त्झ फेलोशिप, ‘कारा’ची फेलोशिप, अमेरिकेतला ‘स्कॉलर रेस्क्यू फंड’ ही मोठी नावं प्रामुख्याने पीएच.डी. झालेल्यांसाठी आहेत. तुमच्या लेकीसाठी ती पुढची पायरी. आज तिथे अर्ज करण्यात तिचे महिने जातील आणि नकाराने मन खचेल.

तिला आज लागू पडेल अशी योजना म्हणजे डाडची (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) ‘हिल्डे डोमिन’. 2021 मध्ये सुरू झाली. ज्यांना स्वतःच्या देशात शिक्षणाचा हक्कच नाकारला गेला आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी ती आहे. डिसेंबर 2022 पासून अफगाण मुलींना विद्यापीठाचं दार बंद आहे, म्हणजे ही अट तिच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. पण यात विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही, जर्मनीतल्या संस्थेने नाव सुचवावं लागतं. फिलिप श्वार्त्झचंही तसंच, अर्ज यजमान संस्था करते. बहुतेक मुलं इथेच अडकतात. फॉर्म शोधत बसतात, आणि फॉर्म ज्याच्या हातात आहे त्या प्राध्यापकाला एक ओळही लिहीत नाहीत.

याच्या जोडीने तिने साध्या, सर्वांना खुल्या असलेल्या पीएच.डी.च्या जागांवरही अर्ज करावेत. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे इथे पीएच.डी. ही बऱ्याचदा पगारी नोकरी असते आणि जागेची जाहिरात निघते. तिथे विस्थापित असण्याची अट नाही, आणि तिचा विषय इतर उमेदवारांच्या तोडीचा आहे. हुम्बोल्टचीच हवामान-संरक्षण फेलोशिप विकसनशील देशांतल्या तरुणांसाठी आहे, पण तिथे नेतृत्वाचा अनुभव बघतात. तो दोन-तीन वर्षांनी जमेल. कोणत्याही योजनेची चालू वर्षाची जाहिरात मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावर वाचा. या फेलोशिपसाठी ‘हमखास निवड’ म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याच्या दारातून परत या.

प्राध्यापकाला लिहायचं पत्र एका पानाचं असावं. पहिल्या परिच्छेदात प्रश्न : हेरातमध्ये वारा आणि धरण यांची सांगड. दुसऱ्यात साताऱ्याच्या प्रबंधात काय केलं, कोणती आकडेवारी वापरली, निष्कर्ष काय निघाला. तिसऱ्यात त्या प्राध्यापकांचा कोणता शोधनिबंध तिने वाचला आणि तो तिच्या प्रश्नाला कुठे भिडतो. शेवटी दोन ओळी : मी अफगाण नागरिक आहे, परत जाऊन शिकणं किंवा शिकवणं मला शक्य नाही, आपली संस्था अमुक योजनेत माझं नाव सुचवू शकेल का? बस. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर तो लगेच ओळखू येतो. थोड्याच जणांना, पण प्रत्येकाचं काम वाचून लिहू दे.

आणि कहाणी? धोक्याबद्दलचं निवेदन वेगळं मागतात. तिथे ती तारीखवार, सरळ लिहायची : देश कधी सोडला, शिक्षणावर बंदी कधी आली, कुणाला काय धमकी आली, त्याचा कागद आहे का. इंग्रजी तिचं स्वतःचं असू दे, तुम्ही फक्त व्याकरण बघून घ्या. हेरातमध्ये राहिलेल्या नातेवाइकांची नावं, फोटो, पत्ते कुठेही जाहीर होऊ देऊ नका. फेसबुकवर ‘आमच्या अफगाण लेकीला मदत करा’ अशी पोस्ट टाकायचा मोह मी समजू शकते, ताई, पण ती टाकू नका. त्याची किंमत तिकडच्या माणसांना मोजावी लागू शकते.

‘साधी नोकरी’ मात्र तितकी साधी नाही. विद्यार्थी व्हिसावर तिला इथे नोकरी करता येत नाही, आणि रोजगार व्हिसासाठी पगाराची किमान अटच मोठी आहे. म्हणून परदेशाचं होईपर्यंत पुण्यातच पीएच.डी.ला प्रवेश घेणं हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. व्हिसाची मुदत संपायच्या बऱ्याच आधी एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) जा, एक दिवसही वर जाऊ देऊ नका. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून नोंदणी करायची की विद्यार्थी म्हणूनच राहायचं, या निर्णयाचे परिणाम वेगवेगळे होतात. तो निर्णय दिल्लीच्या यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) कार्यालयाशी आणि या विषयातल्या वकिलाशी बोलूनच घ्यावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यावर नको.

तिच्या पदव्या पुण्याच्या आहेत, हे तिचं मोठं बळ आहे. गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र हे सगळं ती इथे असतानाच काढून घ्या, आणि जिथे अर्ज करायचा त्या देशाला चालेल तसं अधिकृत प्रमाणित करून घ्या. हेरातच्या शाळेचा एखादा कागद हरवला असेल तर तसं अर्जात स्वच्छ लिहावं. पासपोर्टची मुदत आजच बघा, नूतनीकरणाला किती काळ लागेल ते आत्ताच विचारून ठेवा.

मार्गदर्शकांकडून शिफारसपत्र घेताना ‘मुलगी कष्टाळू व सुस्वभावी आहे’ एवढंच लिहून देऊ नका म्हणावं. साताऱ्याच्या कामात तिने कोणता अडसर कसा सोडवला, ते दोन उदाहरणांसह लिहायला सांगा. त्यांना वेळ नसेल तर मुद्दे तिने काढून द्यावेत, त्यात संकोच कसला?

त्या एका पानाचा पहिला खर्डा तिने स्वतः लिहावा आणि मला पाठवावा. मराठीत लिहिला तरी चालेल. मी वाचून खुणा करून परत पाठवीन, मग प्राध्यापकांची यादी आपण तिघी मिळून करू.