इंटेल, एएमडी की आर्म?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्व्हरच्या प्रोसेसर डिझाइनमध्ये जायचंय. पण इंटेल मागे पडतेय, एएमडी पुढे सरकतेय, क्लाउडवाल्या कंपन्या आर्मवर स्वतःच्याच चिप काढताहेत. इंटेल-एएमडीचा एक्स८६ इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच) शिकू की आर्मचा? निवड चुकली तर मेहनत वाया जाईल, अशी धास्ती वाटते.

उत्तर : कंपनीकडे बघून विषय ठरवू नकोस. या बाजारात भल्याभल्यांचे अंदाज चुकलेत. २००१ मध्ये इंटेलने इटेनियम हा सर्व्हरचा प्रोसेसर आणला, तेव्हा सर्व्हरचं भविष्य हेच, असं जाणकारही सांगत होते. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर त्यावर तशीच चालायची आणि ६४ बिटचीही सोय होती. पुढच्याच वर्षी इंटेलला आपल्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरमध्ये तोच मार्ग धरावा लागला. एवढी बाजी मारूनही दहा-एक वर्षांत एएमडी सर्व्हरमधून जवळपास हद्दपार झाली! मग २०१७ मध्ये एएमडीचाच एपिक प्रोसेसर आला. २०१९ मध्ये त्याची ६४ कोअरची पिढी आली, टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या तैवानी कंपनीच्या ७ नॅनोमीटर तंत्रावर, चिपलेट म्हणजे चिपचे छोटे तुकडे जोडून. इंटेल तेव्हा १० नॅनोमीटरच्या रखडपट्टीत अडकलेली. त्याआधीच, २०१८ मध्ये, ॲमेझॉनने आर्मवरचा स्वतःचा ग्रॅव्हिटॉन प्रोसेसर काढला होता.

तुझी पदवी हातात पडेपर्यंत हे चित्र पुन्हा पालटलेलं असेल.

एक्स८६ की आर्म, हा वाद मला दुय्यम वाटतो. इन्स्ट्रक्शन सेट बदलला तरी कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), ब्रँच प्रेडिक्शन (प्रोग्रॅम पुढे कुठे वळेल याचा अंदाज), मेमरी कंट्रोलर, अनेक कोअरमधला ताळमेळ हे प्रश्न सगळीकडे तेच. ते पक्के कर. रिस्क-व्हीचा इन्स्ट्रक्शन सेट सगळ्यांना खुला आहे. व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत त्याचा पाच टप्प्यांच्या पाइपलाइनचा छोटा कोअर लिही. मेमरीतून येणारं मूल्य लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनला हवं असतं, तेव्हा पाइपलाइन का थांबते, ते वेव्हफॉर्ममध्ये स्वतः बघ. मग सीमध्ये मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार लिहून फक्त आतल्या दोन लूपची अदलाबदल कर आणि लिनक्सवर 'पर्फ' या साधनाने कॅश मिस (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडण्याच्या वेळा) मोज. गणित तेच, पण वेळेतला फरक बघून चाट पडशील.

आता एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. व्हेरिफिकेशनला, म्हणजे डिझाइनमधले दोष चिप बनण्याआधी शोधण्याच्या कामाला, नाक मुरडू नकोस. मुलांना ते उगाचच कमी प्रतीचं वाटतं. २००७ मध्ये एएमडीच्या बार्सिलोना चिपमध्ये टीएलबीचा (मेमरीच्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या छोट्या कॅशचा) दोष निघाला. बायोसमधून तो टाळता यायचा, पण वेग घटायचा, पुरवठाही रखडला. असे दोष आधीच पकडणारी माणसं प्रत्येक कंपनीला लागतात, आणि मोठ्या प्रकल्पांत बहुधा डिझायनरपेक्षा जास्त लागतात. त्यासाठीची सिस्टमव्हेरिलॉग ही भाषा आणि यूव्हीएम ही चाचणीची पद्धत शिकून घे. नुसत्या पदवीवर आर्किटेक्चरच्या टीममध्ये शिरणं कठीण असतं, तिथे सहसा पदव्युत्तर शिक्षण मागतात. व्हेरिफिकेशनचं दार त्या मानाने लवकर उघडतं.