वाचक विचारतात: रत्नागिरी ते चिपी, विमानाने खरंच १४ मिनिटं?

प्रश्न: आम्ही रत्नागिरीत राहतो, मुलगी कुडाळला दिलीय. परवा जावयांनी मोबाइलवर काढून दाखवलं की रत्नागिरी विमानतळ ते चिपी (म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ) ११५ किलोमीटर, विमानाला लागतात १४ मिनिटं. आमचे तर गाडीने चार तास मोडतात. हा हिशोब खरा धरायचा का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: काका, अंतर खरं आहे, १४ मिनिटं मात्र विसरा.

अंतर तुम्हाला घरबसल्या कागदावर काढता येईल. अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किमी. रत्नागिरीचा विमानतळ साधारण १७ अंश १ मिनिटावर आणि चिपी जवळजवळ बरोब्बर १६ अंशावर, म्हणजे झाले ६१ मैल. चिपी थोडं पूर्वेला आहे, पण आपला किनारा उभाच असल्याने त्याने जेमतेम एक मैल वाढतो. ६२ गुणिले १.८५२, आले ११५. रस्ता पावणेदोनशेच्या आसपास जातो कारण हायवे गाठायला आधी हातखंब्याला आत जायचं, मग राजापूर, कणकवली, कुडाळ करत परत समुद्राकडे परुळ्याला यायचं.

आता वेळ. मोबाइलवाल्याने फक्त ११५ ला ५०० ने भागलंय, एटीआरसारखं छोटं विमान वर गेल्यावर ताशी ५०० च्या आसपास जातं म्हणून. पण ते वर जाणार कधी? इतक्या कमी अंतरात विजयदुर्ग-देवगड येईस्तोवर खाली उतरायची तयारी सुरू, फुल स्पीड मिळतो तो थोडाच वेळ. शिवाय चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि पूर्व-पश्चिम, विमान येणार उत्तरेकडून, म्हणजे वळण घेऊन लाइनीत यावंच लागतं, आणि दुपारचा समुद्रावरचा वारा असेल तर वाऱ्याला तोंड करून उतरायचं म्हणून आधी कुडाळच्या बाजूला आत जाऊन मग फिरायचं. पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) ढग टेकले तर अजून घिरट्या. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हललं तिथपासून परत जागेवर थांबेपर्यंतची असते.

मुंबई-चिपीचंच बघा ना, हवाई अंतर ३५० किमी, भागाकाराने ४२ मिनिटं, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी सुरू झालं तेव्हा टाइमटेबलात जवळपास दीड तास होता. (त्यात मुंबई विमानतळावरच्या विमानांच्या ट्रॅफिकचा वाटा मोठा, हेही खरं.) त्या मानाने रत्नागिरी-चिपी माझ्या अंदाजाने अर्धा तास, फार तर ३५ मिनिटं धरा.

धरा म्हणतोय, कारण या दोघांत फ्लाइटच नाही. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा, प्रवासी टर्मिनलचं काम तिथे काढलंय, पण उद्या ते चालू झालं तरी विमानं मुंबईची लागतील, चिपीची कशाला लागतील? जगात याहून छोट्या फ्लाइट आहेत हो, स्कॉटलंडच्या ऑर्कनीत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे पावणेतीन किलोमीटर, दोन मिनिटांत उतरतात, पण ती बेटं आहेत, मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे कोकण रेल्वे आहे. चिपीहून कुडाळला वीसेक किलोमीटर रिक्षा करण्यापेक्षा मांडवी एक्स्प्रेस पकडा, अडीच-तीन तासांत थेट कुडाळ स्टेशनात, आणि जावयांना तिथेच घ्यायला बोलवा.