देवराईतील दगडफूल आणि शेवाळ : सुरुवात करताना

पहिल्या वर्षी लांब कुठे जाऊ नका. गावची देवराई आणि तिच्या कडेचा जांभ्याचा गडगा पुरेसा आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग मात्र हवेच, कारण शेवाळाची (मॉसची) बारीक पाने त्यातूनच स्पष्ट दिसतात. दगडफुलाला पाने नसतात. ते बुरशी आणि शैवल (अल्गी; शेवाळाहून वेगळे) यांचे सहजीवन असते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका तीन :

१. खोडावरचा नारिंगी, भुकटीसारखा थर दगडफूल समजणे. कोकणात तो बहुधा ट्रेंटेपोहलिया या शैवलाचा असतो, आणि गंमत म्हणजे रंग नारिंगी असूनही त्याची गणना हिरव्या शैवलांत होते.

२. दगडफुलामुळे झाड मरते असे मानून आंब्या-फणसाची खोडे खरवडणे. दगडफूल झाडाचा रस शोषत नाही. ते केवळ सालीचा आधार घेते आणि अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, म्हणून नमुनेही काढू नका.

३. उन्हाळ्यात करपलेले शेवाळ मेले असे समजणे. थोडे पाणी शिंपडा, पुष्कळदा पाने काही मिनिटांत उलगडतात.

जागा बदलताना ऊन किती येते, साल गुळगुळीत आहे की खडबडीत आणि पावसाचे पाणी खोडावरून कोठून ओघळते, हे टिपून ठेवा, कारण कोठे काय वाढते हे बरेचसे त्यावरच ठरते. गंधकाचा धूर असलेल्या हवेत दगडफुलाच्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात, त्यामुळे हमरस्त्याकडेची आणि देवराईतली झाडे ताडून पाहण्यासारखी असतात. जातींची शास्त्रीय नावे आणि रासायनिक चाचण्या इतक्यात नकोत.