विकलेला जोकर बनावट निघाला, आता पैसे कुणी द्यायचे?

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक, पत्र थोडक्यात): मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. लहानपणी कॉमिक्स वाचायचो, नोकरी लागल्यावर सुपरहिरो आणि खलनायकांच्या फिगर्स, म्हणजे छोट्या प्रतिकृती, जमवायला लागलो. दीड वर्षापूर्वी एका ऑनलाइन दुकानातून हाँगकाँगच्या हॉट टॉइज कंपनीच्या डीएक्स मालिकेतला वन-सिक्स्थ (माणसाच्या एक-षष्ठांश आकाराचा) जोकर, म्हणजे बॅटमॅनचा शत्रू, २६,००० रुपयांना घेतला. चौदा महिने तो काचेच्या कपाटात होता. घर बदलताना जागा कमी पडायला लागली, म्हणून कलेक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओरिजिनल, विथ बॉक्स, नो रिटर्न’ असं लिहून नागपूरच्या एकाला ३४,००० ला विकला. महिन्याभराने त्याचा फोन आला, फिगर बनावट आहे म्हणून. तो ३४,००० आणि वर मनस्तापाचे ५०,००० मागतोय, नाहीतर पोलिसांत फसवणुकीची तक्रार करीन म्हणतो. दुकानाला मेल केला तर उत्तर आलं, ‘सात दिवसांत अनबॉक्सिंग (खोकं उघडतानाचा) व्हिडिओ पाठवला नाहीत, शिवाय फिगर नफ्यात विकलीत, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.’ घाबरून मी ग्रुपवरची पोस्ट डिलीट केली. बायकोला अजून काही बोललेलो नाही. मी गुन्हेगार ठरेन का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं असेल, तर तुमच्या हातून फसवणुकीचा गुन्हा झालेला नाही. पण तुम्ही त्या नागपूरच्या माणसाचं देणं लागता, आणि ते टाळता येणार नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच अडून बसतो. तुमच्या पत्रात मला दोन्ही दिसलं.

आधी तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल. मी ते मोठे करून पाहिले. विकण्याआधी तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या फोटोत जोकरच्या डाव्या कानाखाली पांढऱ्या रंगाचा एक ओघळ आहे, तांदळाच्या कणीएवढा. नागपूरच्या गृहस्थांनी पाठवलेल्या व्हिडिओत अगदी तोच ओघळ तिथेच आहे. म्हणजे ‘मी दिलेली फिगर खरी होती, यानेच बदलली’ हा जो संशय तुम्ही पत्रात दोनदा मांडलाय, तो सोडून द्या. फिगर तीच आहे.

ती खोटी आहे, हेही मला पटतं. डीएक्स मालिकेतल्या जोकरची खासियतच ही की डोक्याचा मागचा भाग काढून त्याची बुबुळं हवी तिकडे वळवता येतात. तुमच्या खरेदीदाराने तेच करून पाहिलं, तर आत काहीच नव्हतं. डोळे वरून रंगवलेले. तुम्ही चौदा महिने त्याला काचेआड ठेवलंत, डोकं कधी उघडलं नाहीत, म्हणून तुम्हाला कळलं नाही. अस्सल चेहऱ्यावरून साचा काढून पुन्हा ओतलेला चेहरा किंचित लहान भरतो आणि बारीक रेषा बोथट होतात. गालांवरच्या व्रणांकडे पाहा, सिनेमात जोकर झालेल्या हीथ लेजरच्या चेहऱ्यावर जे चिरफाडल्यासारखे दिसतात ते इथे चिखल लिंपल्यासारखे झालेत. सराईत कलेक्टरच्या हे लक्षात येतं, पण तुमच्या लक्षात आलं नाही म्हणून तुम्ही लबाड ठरत नाही.

आता पोलिसांची भीती. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी याच गोष्टीला सगळे ‘चारशे वीस’ म्हणायचे. त्याचा गाभा बदललेला नाही: व्यवहार करतानाच मनात खोट असायला हवी. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय. विकताना फिगर खरी आहे असं तुम्ही मनापासून मानत होतात आणि त्याला आधार म्हणून दुकानाचं ‘ऑफिशियल लायसन्स्ड’ लिहिलेलं बिल तुमच्याकडे आहे. तेच बिल तुमची ढाल आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ चं कलम १०४ जास्त कडक आहे, कारण खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. पण त्याच कलमात सुटकेची वाटही आहे. तुम्ही रास्त ती खबरदारी घेतली होती, संशय घ्यायला कारण नव्हतं आणि विचारणा होताच माल कुणाकडून घेतला ते सांगितलंत, हे दाखवता आलं तर शिक्षा होत नाही. म्हणून दुकानाचं नाव, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, पार्सलवरचा पत्ता, सगळं एका पाकिटात ठेवा. कुणी विचारलं की लपवू नका.

समजा तक्रार झालीच, तरी कलम ३१८(४) ला जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांची आहे. अशा गुन्ह्यांत ऊठसूट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. पोलिसांनी लेखी नोटीस देऊन बोलवायचं असतं. व्हॉट्सॲपवरून आलेली नोटीस त्यासाठी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. लेखी नोटीस आली तर मात्र जायचंच, तेही वकिलाला सोबत घेऊन, आणि ते पाकीट बरोबर ठेवून.

पोस्ट डिलीट करणं ही चूक झाली. घाबरलेला माणूस असं करतो, मला कळतं. पण त्यात ‘ओरिजिनल’ लिहिलं होतं याचा स्क्रीनशॉट समोरच्याकडे नक्की असणार, आणि आता ते पुसणं तुमच्याविरुद्ध बोलेल. यापुढे एकही चॅट, फोटो, मेल पुसायचा नाही. फोन बदलायचा नाही, विकायचा तर नाहीच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता देण्याचं. मालविक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ‘ओरिजिनल हॉट टॉइज’ हे तुमचं वर्णन होतं. माल जुळला नाही. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न इथे येतच नाही. आणि ‘नो रिटर्न’चा आधार घेऊ नका. फिगरचा रंग आवडला नाही, मन बदललं, अशा कारणांसाठी ते शब्द ठीक आहेत. मुळात दुसरीच वस्तू हातात पडली तर ते तुम्हाला वाचवणार नाहीत. ३४,००० आणि येण्याजाण्याचा कुरिअर खर्च त्याचा हक्काचा आहे. अस्सल जोकर आज महाग झालाय असं म्हणून तो फरकही मागू शकेल, पण त्याला तो पुराव्यानिशी सिद्ध करावा लागेल. मनस्तापाचे ५०,००० हा त्याने रागाच्या भरात काढलेला आकडा आहे. तो द्यायचं काही कारण नाही. त्यावरून खंडणीची उलटी तक्रार करा असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय, ते डोक्यातून काढा. तो माणूसही तुमच्यासारखाच फसलाय, पगारातून पैसे साठवून फसलाय.

त्याला आज फोन करू नका, लिहा. मेलवर साध्या मराठीत लिहा की फिगर बनावट असल्याचं मला तुमच्या व्हिडिओवरून पटलं, मला विकताना हे माहीत नव्हतं, हे माझं बिल, फिगर परत मिळताच ३४,००० आणि कुरिअरचे पैसे तुमच्या खात्यात जमा करतो. पैसे बँकेतूनच द्यायचे. एका वेळी जमत नसतील तर दोन हप्ते मागा, लाज वाटून घेऊ नका. पावतीवर त्याच्याकडून दोन वाक्यं घ्या: पूर्ण रक्कम मिळाली, आणि विक्रेत्याने जाणूनबुजून फसवलं असं माझं म्हणणं नाही. ‘पोलिसांत जाणार नाही’ असं वचन पैशाच्या बदल्यात लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तक्रार दाबण्यासाठी केलेला सौदा कायदा मानत नाही, आणि वाचणाऱ्याला तुमच्याच मनात चोर होता असं वाटेल. तुम्हाला हवी ती दोन वाक्यं त्याहून जास्त उपयोगाची आहेत.

फिगर परत आली की ती विकायची नाही. हे मी ठळक सांगते, कारण पत्रात तुम्ही विचारलंय, ‘कॉपी आहे असं स्पष्ट सांगून ८-१० हजारांना काढली तर?’ नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हाच गुन्हा आहे, घेणाऱ्याला माहीत असलं तरी. आतापर्यंत तुमच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट होती ती तुमचं अज्ञान. आता तुम्हाला माहीत झालंय, आणि कलम १०४ मधली ती वाट यापुढे तुमच्यासाठी बंद आहे. फेकूही नका. दुकानाविरुद्ध तोच तुमचा मुख्य पुरावा आहे.

दुकानाचं उत्तर वाचून मला खरंच संताप आला. अनबॉक्सिंग व्हिडिओची अट वाटेत मोडतोड झाली तर समजू शकते, पण बनावट माल सात दिवसांनी अस्सल होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटेपणाने अस्सल म्हणून विकलेल्या मालाची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्याच नियमांत आहे. तुमच्या मेलला दुकानाने ‘सपोर्ट टीम’ एवढीच सही केलीय. अधिकाऱ्याचं नाव मागा.

‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण ग्राहक आयोगासमोर ते तोच लावून धरतील. फेरविक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही, हे खरं. पण पाहायचा असतो तो खरेदीच्या वेळचा मुख्य हेतू. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली, आणि श्रीराम चिट्सच्या २०२४ च्या निकालात सांगितलं की व्यापारी हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर आहे. चौदा महिने कपाटात उभा असलेला जोकर हा विक्रीचा माल नव्हता. त्या कपाटाचे जुने, तारीख असलेले फोटो शोधून ठेवा. दिवाळीचा एक फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात पणत्यांमागे बॅटमॅनशेजारी तो दिसतोय, तसले फोटो फार कामाचे. दोन वर्षांत चार फिगर्स विकल्या असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्याने कुणी दुकानदार होत नाही. पण ग्रुपवर इतरांसाठी प्री-ऑर्डर घेऊन वर काही ठेवत असाल, तर ते तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. मग उत्तर बदलतं, आणि सुनावणीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

मागणी किती करायची? २६,०००, त्यावर व्याज, नागपूरला परत करताना झालेला खर्च आणि मानसिक त्रासाची वाजवी भरपाई. वरचे ८,००० तुमचा नफा होता, तो दुकानाकडून मिळण्याची आशा धरू नका. स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. त्यानंतर तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागायची मुभा दिलीय. दुकान कुठल्याही राज्यात असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येतं, स्वतः बाजू मांडता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, बरीच दुकानं तिथेच नरमतात. फिगर बनावट आहे यावर वाद झाला तर आयोग ती तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याआधी तुम्ही हाँगकाँगच्या मूळ कंपनीला फोटो पाठवून विचारा. मी मोठे केलेले फोटो सोबत जोडतेय: खोक्यामागच्या परवान्याच्या ओळीत एक अक्षर गळलंय, तेही दाखवा.

मुदत मात्र पाळा. तक्रारीला दोन वर्षं असतात. फसवणूक उशिरा कळली म्हणून ती नंतरपासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासून मोजलं तर तुमच्याकडे सहा महिने आहेत, आणि नोटीस, मेल, कंपनीचं उत्तर यांत तीन सहज जातील.

एक व्यवहाराबाहेरचं. बायकोला आजच सांगा. ३४,००० रुपये घरातून जाणार आहेत, ते तिला पासबुकातून कळू देऊ नका. पार्सल आलं की तिलाच मोबाइल धरायला सांगा. सील, पत्ता, वजनाची चिठ्ठी कॅमेऱ्यात येऊ द्या, मग खोकं उघडा आणि सगळ्यात आधी जोकरचा डावा कान दाखवा.