दोन वर्षांसाठी जर्मनीला जाताना घरी बेकिंग करण्याचा खटाटोप करावा का?

नवऱ्याच्या नोकरीनिमित्त दोन वर्षे जर्मनीत राहायचे असताना ओव्हन, साचे आणि इतर सामान यांवर पैसे घालावेत का, आणि इकडच्या केकच्या कृती तिकडच्या पिठात जमतील का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे माझे उत्तर 'अवश्य घालावेत' असे आहे; दुसऱ्याचे 'जमतील, पण तो हट्ट कशासाठी' असे आहे. 'थोड्याच दिवसांचा मुक्काम आहे, मग कशाला' हे वाक्य मी जर्मनीत इतक्या वेळा ऐकले आहे, की तुमच्या प्रश्नात ते पुन्हा दिसल्यावर उत्तर दिल्यावाचून राहवले नाही.

आम्ही स्टुटगार्टजवळ अशाच ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर राहत होतो. जर्मनीत भाड्याचे घर पुष्कळदा स्वयंपाकघराविना मिळते, म्हणजे नळाची आणि विजेची जोडणी सोडून भिंती मोकळ्या असतात. ओटा, कपाटे, शेगडी हे सारे भाडेकरू स्वतःचे आणतो आणि जाताना घेऊन जातो किंवा पुढच्या भाडेकरूला विकतो. आमच्या आधीच्या कुटुंबाने त्यांचे सबंध स्वयंपाकघर आम्हाला विकत देऊ केले आणि त्यात वर शेगडी व खाली ओव्हन असलेला चांगल्या अवस्थेतला विजेचा संच होता. माझे थोरले दीर तेव्हा कित्येक वर्षे जर्मनीत स्थायिक होते. त्यांचे म्हणणे असे, की दोन वर्षांसाठी चूल विकत घेणे हा वेडेपणा आहे, टेबलावर ठेवायची दोन चकत्यांची शेगडी पुरेल आणि केक खावासा वाटला तर कोपऱ्यावर बेकरी आहेच. आम्ही तो संच घेतला. तेव्हापासून घरात काहीही भाजले, की भाऊजी आधी विजेचा हिशोब करीत आणि मग तुकडा उचलीत. हिशोबच करायचा तर तो असा आहे, की घरगुती ओव्हन तासाभरात साधारण एक युनिट वीज घेतो आणि अलीकडच्या दरांनी ते युनिट 30 ते 40 सेंटच्या घरात पडते. त्याच बेकरीत केकचा एक तुकडा याच्या कितीतरी पट किमतीला मिळतो.

आता पिठाकडे वळते, कारण आमच्या वादाचे खरे मूळ तिथे आहे. जर्मन पिठाच्या पुड्यावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. ठरावीक वजनाचे पीठ पूर्ण जाळल्यावर जी राख उरते, तिचे 100 ग्रॅम कोरड्या पिठामागे मिलिग्रॅममधले प्रमाण हा आकडा साधारणपणे सांगतो. आकडा जितका लहान, तितका कोंड्याचा अंश कमी आणि पीठ पांढरे. 405 म्हणजे आपल्या ओळखीचा मैदा. 550 पाव आणि छोटे गोल पाव यांसाठी. 1050 काळपट, चवदार पावासाठी. पिठातील प्रथिनांचे प्रमाण हा आकडा सांगत नाही, ते पुड्याच्या मागच्या तक्त्यात वाचावे लागते. ही माहिती मिळवायला फार तर दहा मिनिटे लागतात, तरीही 'जर्मन पिठाचा केक होत नाही' असे ठामपणे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतले एक आमच्या घरातलेच होते.

नवऱ्याचा वाढदिवस सोमवारी आला होता. जर्मन कार्यालयांत ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच सहकाऱ्यांसाठी केक न्यायचा असतो, त्यामुळे तो रविवारीच करून ठेवणे भाग होते. सासूबाई त्या वेळी आमच्याकडे आल्या होत्या. त्या अंडे खात नाहीत आणि त्यांचा बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा केक सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. तेव्हा तोच करायचे ठरले. सामान भाऊजींनी शनिवारी आणले. रविवारी सासूबाईंनी डबा फोडला, तर त्यातले दूध चमच्यावरून सावकाश उतरण्याऐवजी सरळ ओतले गेले. मी तेव्हाच म्हटले, की हे दूध ते नव्हे. भाऊजी म्हणाले, की आपण इतकी वर्षे या देशात राहतो, आपल्याला दुधाचे डबे ओळखता येतात. केक झाला तेव्हा तो फिकट, चिवट आणि मधोमध बसलेला होता. भाऊजींनी एक घास खाल्ला आणि निकाल दिला: या देशातले पीठच केकचे नाही.

डबा कॉफीत घालायच्या दुधाचा होता. जर्मनीत घट्ट केलेले दूध म्हणून जे सर्रास विकले जाते, ते बिनसाखरेचे असते आणि त्यात साडेसात किंवा दहा टक्के स्निग्धांश असतो. साखरेचे घट्ट दूधही मिळते, पण ते निराळे असते आणि शोधून घ्यावे लागते. साखरेच्या घट्ट दुधाच्या डब्यात जवळजवळ निम्मा भाग साखरेचा असतो, म्हणजे 400 ग्रॅमच्या डब्यामागे आमच्या केकमधून पावणेदोनशे ग्रॅमहून अधिक साखर नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी पाणी आले होते. केकमध्ये साखर गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते, पिठाला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेन या प्रथिनाची पकड सैल राखते आणि वरच्या पापुद्र्याला रंग आणते. ती काढून घेऊन वर पाणी वाढवले, तर जगातल्या कोणत्याही पिठाचा केक चिवटच होईल. हे सगळे मी त्याच वेळी सांगितले होते आणि ते कोणीही ऐकून घेतले नव्हते, एवढी नोंद इथे करून ठेवते.

दुसरा डबा आणण्याची सोय नव्हती, कारण जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. स्थानकांवरची काही दुकाने आणि काही तासांपुरत्या उघडणाऱ्या बेकऱ्या असे थोडेच अपवाद असतात. मात्र घरात त्याच पुड्यातले उरलेले पीठ, लोणी, दूध, सफरचंदे आणि ताज्या यीस्टची अर्धी वडी होती. ही वडी 42 ग्रॅमची मिळते आणि अर्धी वडी 500 ग्रॅम पिठाला पुरते. कोरड्या यीस्टची सात ग्रॅमची पुडीही तेवढ्याच पिठासाठी असते. मी पत्र्याच्या मोठ्या तबकावर पसरून भाजतात तो सफरचंदाचा जर्मन केक करायला घेतला. 500 ग्रॅम पीठ, पाव लिटर कोमट दूध, 80 ग्रॅम साखर, तेवढेच वितळवलेले लोणी आणि चिमूटभर मीठ असे पीठ मळले, फुगल्यावर तबकात थापले, वर सफरचंदाच्या फोडी रचल्या आणि त्यांवर 200 ग्रॅम पीठ, 100 ग्रॅम साखर व 100 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून केलेला भुगा पसरला. 180 अंशांवर अर्ध्या तासाच्या आसपास तो भाजून निघाला. त्यात अंडे नाही, त्यामुळे सासूबाईंनीही खाल्ला आणि सोमवारी कार्यालयातून रिकामे तबक परत आले. पीठ तेच होते, ओव्हनही तोच. यावर भाऊजींचे म्हणणे असे, की पाव वेगळा आणि केक वेगळा. त्यावर मी तेव्हा गप्प बसले, ते सासूबाईंसमोर शब्दाला शब्द वाढवायचा नव्हता म्हणून.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की वहीतल्या कृती जरूर न्याव्यात, पण सुरुवात तिथल्या कृतींनी करावी. त्या तिथल्या पिठासाठी, तिथल्या लोण्यासाठी आणि तिथल्या पुड्यांच्या मापांत लिहिलेल्या असतात. जर्मन कृतीत 'बेकिंग पावडर एक पुडी' एवढेच लिहिलेले आढळते, कारण पुडी 500 ग्रॅम पिठासाठी ठरलेली आहे. बीलेफेल्ड शहरातील आउगुस्ट ऑएटकर या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक पौंड पिठाला पुरेल अशी मोजून भरलेली पुडी विकायला सुरुवात केली आणि कृती लिहिण्याची ती पद्धत रुजली. तेव्हा 250 ग्रॅम पिठाला अर्धी पुडी घाला, आख्खी घालून वर सोडा टाकू नका. जर्मन लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश असतो. अंडी आकाराच्या वर्गाने विकतात आणि मध्यम आकाराचे अंडे 53 ते 63 ग्रॅमचे असते, म्हणून 'तीन अंडी' हे माप तिथे बरेच विश्वासार्ह ठरते. सगळे काही ग्रॅममध्ये असल्यामुळे सामानात एकच वस्तू आधी घ्यायची असेल तर वजनकाटा घ्या. कप आणि वाट्या यांवरून जो गोंधळ होतो तो निम्मा तिथेच संपतो.

ओव्हनच्या बटणावर वरखाली दोन रेघा असलेले चिन्ह म्हणजे वरची आणि खालची उष्णता, पंख्याचे चिन्ह म्हणजे फिरती हवा. कृतीत पहिल्याचे तापमान दिले असेल आणि तुम्ही पंखा लावणार असाल तर ते 20 अंशांनी कमी करा. साच्यांत 26 सेंटिमीटरचा कडी उघडणारा गोल साचा घ्या, बहुतेक जर्मन कृती त्याच मापाच्या असतात. जाम करण्यासाठी जी साखर मिळते तिच्यात जाम घट्ट करणारे पेक्टिन असते, ती चुकूनही केकमध्ये घालू नका. सोडा वेगळा मिळतो. बाकीचे सामान दुकानात गेल्यावर आपोआप कळेल.

पाव घरी करावा का, याबद्दल माझे मत अनेकांना आवडत नाही. रोजचा पाव विकतच घ्यावा. जर्मनीची पावाची परंपरा 2014 साली त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंदवली गेली आहे, आणि राय या गव्हासारख्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा दाट पाव पहिल्याच प्रयत्नात बेकरीसारखा करू पाहणे म्हणजे उगाच दमणे आहे. घरी ते करावे जे विकत मिळत नाही किंवा ज्याची चव घरच्या लोण्याने बदलते. भाऊजींचे बेकरीविषयीचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर होते. ते केकलाही लागू आहे असे त्यांना वाटले, तिथे ते चुकले.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. शेगडी आणि ओव्हन यांचा मोठा संच 400 व्होल्टच्या तीन फेजच्या जोडणीवर चालतो; ती जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी, आणि हा खर्च स्वयंपाकघराच्या किमतीत धरावा. घर सोडताना पुढचा भाडेकरू संच घेईलच असे नाही. आमच्या वेळी घेतला आणि आमचे बरेचसे पैसे परत आले, पण घेतला नसता तर उचलून न्यावा लागला असता. भिंतीत ओव्हन बसवलेले सुसज्ज घर मिळणार असेल, तर या उत्तराचा पहिला अर्धा भाग तुम्हाला लागूच नाही. केवळ खोली मिळणार असेल, तर साध्या प्लगवर चालणारा छोटा ओव्हन पुरेल. त्यात मोठे तबक मात्र मावणार नाही. रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळावी लागते, तेव्हा उशिरा पीठ मळायचे असेल तर यंत्राऐवजी हाताने मळा. आणि युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, म्हणून साखरेच्या घट्ट दुधाचे डबे इकडून नेण्याचा विचार सोडून द्या. शनिवारी दुकानात जाऊन डब्यावरचे साखरेचे प्रमाण वाचून घ्या, आणि ते काम दिरांवर सोपवू नका.